राखेचा गिलावा

माझ्या मायला भिंत वाजवून बघायची सवय होती. कुणाच्याही घरी गेलो की ती आधी उंबऱ्याबाहेर थांबायची, बोटाच्या पेरानं भिंतीवर टकटक करायची, कान द्यायची आणि मगच आत पाऊल टाकायची. घरची बाई चहाचं विचारून राहिली आणि ही आपली भिंतीपाशी उभी. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी तोंडाची फाटकी, तिथल्या तिथं म्हणायची, माय, भिंत काय तुझी वाट बघत थांबलेली नाही पडायला, चल आत. ती माझ्याकडं बघायची सुद्धा नाही. मग आत जायची, चहा प्यायची, गप्पा मारायची, हसायची देखील. पण दिवस कलला की बाहेर. भूकंपापासून माझी माय छताखाली झोपली नव्हती.

माझं माहेर औशाच्या पलीकडलं, किल्लारीच्या पट्ट्यातलं. भिंती दोन-दोन हात जाडीच्या, दगडमातीच्या, वर पांढऱ्या मातीचं माळवद. उन्हाळ्यात घर गार राहतं म्हणून त्या भिंतींचं कोण कौतुक. त्या पहाटे त्याच भिंतींनी माझा बा नेला आणि माझा धाकटा भाऊ नेला. माय वाचली, कारण गाय व्यायला झाली होती आणि ती अंगणात गोठ्यापाशी गोणपाट टाकून पडली होती. मी तेव्हा सासरी, कंधारला. बातमी कळून तिथं पोचेपर्यंत दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ झाली. तोवर सगळं उरकलं होतं. माय गाईच्या दाव्याला धरून बसली होती आणि वासरू तिचा पदर चघळत होतं. ती रडली नाही. मीच रडले, दोघींच्या वाटचं.

तेव्हा सगळं लातूर बाहेर झोपायचं. रस्त्यावर, शाळेच्या मैदानात, जिथं जागा मिळंल तिथं. श्रीमंत-गरीब, हिंदू-मुसलमान-बौद्ध, सगळ्यांच्या बाजा एका रांगेत. मग थंडी पडली, माणसं एकेक करून आत गेली. सरकारनं माहेरच्या गावाला नवी घरं बांधून दिली, लोखंडाची, सिमिटाची. मायलाही मिळालं एक. तिनं त्यात जळण भरलं आणि ती माझ्याकडं लातूरला आली. तोवर आम्ही कंधार सोडून लातूरला बिऱ्हाड केलं होतं, कारण पडलेलं सगळं पुन्हा उभं करायचं म्हणजे गिलाव्याच्या माणसाला कामाची ददात नव्हती. आमचे हे गिलावा करायचे.

ह्यांचं सांगते. माणूस अबोल. दिवसभरात चार वाक्यं बोलले तर मी म्हणायची, आज काय, सभा होती काय? कारागिरी शिकले नांदेडात, चुन्याचं काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या उस्तादाकडं. त्या उस्तादाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तेच काम. वीटभट्टीवरची जळून वाकडी झालेली वीट, फुटकी कौलं, कुणी फुकट नेणार नाही असला माल ते गोळा करायचे, कुटायचे, चाळायचे आणि चुन्यात कालवायचे. त्याला सुरखी म्हणत. सिमिट आलं तसं ते काम बसलं, पण उस्तादाच्या दोन गोष्टी ह्यांच्या डोक्यात कायमच्या राहिल्या. एक म्हणजे, "फेंकने का कुछ नै बेटा, दीवार सब खाती." आणि दुसरी, "जो पानी तू नै पीता, वो दीवार कू मत पिला."

लातुरात आम्ही गावाच्या कडेला एक प्लॉट घेतला. दोन खोल्या आणि पुढं मोठं अंगण. अंगण मायसाठी होतं, हे मी कुणाला सांगितलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं. लिंबाखाली तिची बाज. पावसाळ्यात वर चार बांबूंवर पत्रा. पत्रा तिला चालायचा. म्हणायची, पत्रा अंगावर पडला तर माणूस उठून बसतंय. उन्हाळ्याचं ठीक, पण हिवाळ्यात दव पडायचं, वाकळ सकाळी पिळून काढावी इतकी ओली. मी किती भांडले तिच्याशी! शिव्या दिल्या, जेवण बंद केलं, शपथा घातल्या. एकदा तर म्हटलं, तुला मरायचंच असंल तर माहेरी जाऊन मर, इथं माझ्या डोळ्यांदेखत कशाला. ती वाकळ झटकून म्हणाली, आज भाजीला काय करायचं?

मग लातूरला क्लासचं वेड लागलं. मी डोळ्यांनी बघितलं ते. आधी एका गल्लीत एक पाटी, मग दहा, मग गल्लीच दिसेना, नुसत्या पाट्या. भोकरची, देगलूरची, चाकूरची, कुठली कुठली पोरं डॉक्टर व्हायला आली. त्यांना राहायला खोली पाहिजे, खायला डबा पाहिजे. आमच्या आजूबाजूच्या अंगणांचा बघता बघता फडशा पडला. जिथं तुळस होती तिथं खोली, जिथं म्हैस होती तिथं दोन खोल्या. मी पण डबे सुरू केले आणि आतल्या एका खोलीत क्लासच्या मुली ठेवल्या. मुली गुणाच्या. संध्याकाळी मायच्या बाजेवर बसून पाठांतर करायच्या आणि माय ऐकायची. शेजारीण रोज येऊन सांगायची, एवढं अंगण मोकळं ठेवून काय पूजा करणार आहेस त्याची, बांध खोल्या. मी म्हणायची, तुझं तू बघ. पण खोटं कशाला बोलू, मलाही वाटायचं.

खोल्या बांधायच्या म्हणजे वाळू पाहिजे, आणि वाळूच मिळेनाशी झाली. मांजरा नदीला पूर नाही, वाळूचे ठिय्ये बंद, जी यायची ती चोरून यायची आणि अर्धी मातीच असायची. गिलाव्याची कामं तर पडलेली आणि हातात माल नाही. तेव्हा ह्यांच्या डोक्यात राख आली. साखर कारखान्याच्या बॉयलरची राख. उसाचं चिपाड जाळून उरलेली, काळी, हलकी, दाणेदार. कारखान्यामागं तिचे ढीग लागलेले असतात. वारं सुटलं की उडून शेजारच्या पिकावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. कुणी घेऊन जातो म्हटलं तर कारखानावाले हात जोडतात. हे एक दिवस टेम्पो भरून घेऊन आले. मी डोक्याला हात लावला. म्हटलं, लोक घरात लक्ष्मी आणतात, तुम्ही राख आणली.

दोन उन्हाळे त्या राखेपायी गेले. आधी चाळायची, मग ड्रममध्ये भिजत घालायची. न जळलेलं वर तरंगायचं ते काढून टाकायचं. पाणी काळंकुट्ट, ते ओतायचं, पुन्हा भरायचं, निवळ येईस्तोवर. मग वाळवायची. निम्मी राख, निम्मी वाळू, त्यात सिमिट आणि थोडा चुना. कुंपणाच्या भिंतीवर हे हात-हातभर चौकोन मारायचे आणि रोज जाऊन बघायचे. पहिले सगळे हातानं पुसले तरी पीठ व्हायचे. हे खरवडून पुन्हा मारायचे. हळूहळू जमलं. राख पाणी लई पिते, हे त्यांच्या ध्यानात आलं. आधी राख भिजलेली पाहिजे, आणि भिंतीवर चढवल्यावरही ती कितीतरी दिवस ओली ठेवायला पाहिजे. नाहीतर ती सिमिटाचंच पाणी ओढून घेते आणि गिलावा उपाशी राहतो.

जमलं, पण घेणार कोण? रंग काळपट. लोक म्हणायचे, मसणातली राख भिंतीला फासता का? एकानं तर ह्यांना दारातूनच परत लावलं, म्हणाला, घरात लहान लेकरं आहेत आमच्या. बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत, तशातली गत. शेवटी एका हॉस्टेलच्या कामावरच्या इंजिनिअरला पटलं. तरणा होता, पण समजदार. त्यानं वाळलेला तुकडा बादलीत टाकून ठेवला, दुसऱ्या दिवशी काढून बघितला आणि सांगितलं की आतल्या भिंतींना करा, न्हाणीघराला नको, आणि वर चुन्याचा हात द्या म्हणजे काळं दिसणार नाही. हे त्याच्या शब्दाबाहेर गेले नाहीत. ते हॉस्टेल आजही आहे. मी परवाच त्याच्यावरून गेले, आत डोकावून बघितलं. एक पोपडा निघालेला नाही.

त्या हिवाळ्यात मायच्या छातीत कफ भरला. दम लागायचा, दोन वाक्यं बोलली की थांबायची. डॉक्टरनं ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं की म्हातारीला दवात झोपवू नका, अजून एखादा हिवाळा बाहेर काढला तर ती जायची. हे घरी आले आणि मला तेवढंच म्हणाले. जेवले नाहीत. मी त्यांना म्हटलं, माझं ऐकत नाही ती, तुमचं तरी ऐकते का बघा. जावयाचा मान असतो.

हे दुसऱ्या दिवशी हातात गिलाव्याचा तुकडा घेऊन तिच्या बाजेपाशी जाऊन बसले. भाकरीएवढा तुकडा, कुंपणावरून काढलेला. दुसऱ्या हातात साध्या वाळूच्या गिलाव्याचा तेवढाच. दोन्ही तिच्या मांडीवर ठेवले. तिनं एक उचलला, दुसरा उचलला. तोलून बघितले. राखेचा तुकडा तिनं मग स्वतःच्याच डोक्यावर हळूच आपटून बघितला. मला हसावं का रडावं कळेना.

"हे पडलं तर माणूस मरत न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई मरत, मामी," हे म्हणाले. "तुमच्यापुरती खोली बांधतो. चार खांब, पातळ इटा, वर पत्रा. आन् आतून हाच गिलावा."

तिनं राखेचा तुकडा उशाखाली सारला. मग म्हणाली, "बांधा."

माझ्या जन्मात मला एवढा आनंद झाला नव्हता. लग्नात सुद्धा नाही. मी आत जाऊन मुलींच्या डब्यात गोड घातलं.

खोली अंगणाच्या कोपऱ्यात, लिंबाच्या अलीकडं. ह्यांनी दुसऱ्याच्या कामावर जाणं सोडलं आणि ती एकट्यानं बांधली. नळाला पाणी होतं तोवरच राख मी धुऊन घेतली. हात काळे पडले ते महिनाभर गेले नाहीत, मुली म्हणायच्या, काकू, भाकरीला ठसे उठतात तुमच्या. पहिला हात, दुसरा हात, रंधा फिरवून अशी भिंत केली की गाल लावावा वाटावा. माय रोज बाज ओढून दारापुढं बसायची आणि बघायची. भिंतींवर गोणपाट टांगले. हे मायला म्हणाले, मामी, मला आता दुसऱ्या कामावर जायला लागतंय, ह्या भिंतीला तुम्ही पाणी मारा, सकाळ-दुपार-संध्याकाळ, गोणपाट वाळू द्यायचं नाही. आणि गोड पाणी मारा. नळाचं, प्यायचं. ती म्हणाली, हाव.

आता ते साल कुठलं, तर लातूरला पाण्याची वणवण होती ते. नळाची तोटी कधी सुटंल ते कुणालाच ठाऊक नव्हतं. टँकर आला की बाया घागरींवर पडायच्या, एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या. मी पण उपटल्या. मुली सुट्टीत घरून येताना पाण्याचे कॅन घेऊन यायच्या. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, आम्हाला तो रोजच होता. आणि अशात भिंतीला प्यायचं पाणी मारा.

माझी माय कोरडवाहू मुलखातली. तिच्या घरात पाण्याचा एक थेंब तीनदा वापरला जायचा. अंघोळीचं पाणी धुण्याला, धुण्याचं झाडाला. प्यायचं पाणी भिंतीवर ओतणं तिच्यानं होणारच नव्हतं. मुलींना प्यायला नाही आणि आपण भिंत न्हाऊ घालायची, असलं पाप तिच्या हातून कसं व्हावं. तिनं गोड पाण्याची घागर मुलींसाठी भरून ठेवली. आणि मोरीपाशी जो ड्रम होता, ज्यात आम्ही भांड्यांचं, धुण्याचं पाणी साठवायचो, ते पाणी ती तांब्या-तांब्यानं भिंतीला मारत राहिली. साबणाचं, सोड्याचं, खरकट्या मिठाचं. एक दिवस चुकवला नाही. गोणपाट कधी वाळू दिलं नाही. मी स्वयंपाकात, मी बघितलं नाही. बघितलं असतं तरी मला काय कळणार होतं, मी शाबासकीच दिली असती.

पाणी मारायचे दिवस संपले, भिंती वाळल्या, ह्यांनी चुन्याचा हात दिला. माय आत झोपायला गेली. सकाळी मी बघितलं तर अंगणातली बाज रिकामी. मी त्या रिकाम्या बाजेवर बसून रडले. शेजारणीला बोलावून दाखवलं. ती पण म्हणाली, बाई, तुझ्या नवऱ्यानं जादू केली.

काही रात्री अशा गेल्या. मग एके दिवशी मी खोली झाडायला गेले तर भिंतीवर पांढरी बुरशी उठल्यासारखा मिठाचा लोणा आलेला, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून वर पत्र्यापर्यंत एक भेग. केसापेक्षा थोडी जाड. दुसऱ्या भिंतीवर जाळीसारख्या बारीक भेगा. मी घाईघाईनं कपडे टांगून ती झाकायला बघत होते तर मागं माय उभी. तिनं भेगेवरून बोट फिरवलं. वाकळ उचलली, उशी उचलली आणि बाहेर गेली.

आमच्याकडं भिंतीला भेग म्हणजे काय, हे दुसरीकडच्या माणसाला समजायचं नाही. पुण्या-मुंबईकडं भेग पडली तर लोक रंगाऱ्याला बोलावतात. आमच्याकडं लेकरांना उचलतात. गिलाव्याची भेग वेगळी आणि भिंतीची वेगळी, असं आमचे हे शंभरदा सांगायचे लोकांना. पण ज्याचं जळतं त्याला कळतं. मायला मी काही समजावायला गेलेच नाही.

हे संध्याकाळी आले. गिलावा नखानं उकरला, जिभेला लावून बघितला. मग मोरीपाशी गेले, ड्रमात हात घातला, वास घेतला. परत आले आणि ओट्यावर बसले. मी विचारलं, काय झालं? त्यांनी मला हळू आवाजात सांगितलं. उन्हानंही असंल म्हणाले, पण मोरीचं खारट पाणी लागलं. मी तशीच उठले. माझं डोकं फिरलं होतं, आता म्हातारीला फाडून खाते असं झालं होतं. ह्यांनी माझं मनगट धरलं. लग्न झाल्यापासून ह्या माणसानं माझ्यावर कधी हात उगारला नव्हता की आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी इतकं घट्ट धरलं की बांगडी फुटली.

"एक शब्द काढशील तर बघ," म्हणाले. "आधीच दोन जीवांचं ओझं घेऊन बसल्यात त्या."

आणि मायपाशी जाऊन ते म्हणाले की मामी, माझं चुकलं, राखच खराब होती. भिंतीला लागत नाही ती. माझा अंदाज चुकला. माय म्हणाली, असू द्या, माणूसच चुकतंय.

माय खोटं बोलणारी नव्हती आणि गप्प बसणारीही नव्हती. जो कुणी येईल, भेग बघून विचारील, त्याला ती सरळ सांगायची की राखेचा गिलावा टिकत नाही, माझ्या जावयानंच सांगितलं. शेजारणीनं ऐकलं. टँकरवर सगळ्या बायांनी ऐकलं. ज्या दुसऱ्या हॉस्टेलला हा गिलावा करायचं ठरलं होतं, त्याच्या मालकानं निरोप धाडला की आम्ही दुसरा माणूस बघितला. इंजिनिअर येऊन बसला, विचारून राहिला की झालं काय, असं व्हायला नको होतं. आमचा हा माणूस मायकडं बघून म्हणतो, राख खराब होती. मी आत पीठ मळत होते. मला वाटलं, आता ओरडून सांगावं. तोंडात आलेलं गिळलं आणि मळत राहिले. तो तरणा पोरगा उठून गेला तो पुन्हा आला नाही.

राखेचे उरलेले ढीग वाऱ्यानं उडून गेले. राख शेजारणीच्या वाळवणावर बसली म्हणून तिनं भांडण काढलं. हे पुन्हा दुसऱ्याच्या हाताखाली कामाला लागले. आता पिशवीत तयार मसाला मिळतो, पाणी घाला आणि थापा. त्याला अंगचं काही लागत नाही. एकदा मी विचारलं, राखेचं पुन्हा करून बघायचं का, आपल्या मोरीला तरी. म्हणाले, जेवण वाढ.

भेगेची खोली तशीच राहिली. मुलींचे जुने बॉक्स, सायकल, गोवऱ्या. आणि माय लिंबाखाली. तो हिवाळा मी रोज देवाला, बुद्धाला, कुणाकुणाला म्हणून सांगू, सगळ्यांना हात जोडले. मी तिच्यावर तीन वाकळा घालायची, डोक्याला टॉवेल बांधायची, बाजेखाली शेगडी ठेवायची. एका सकाळी ती उठेना. ओठ निळे पडलेले. ह्यांनी तिला हातावर उचलून रिक्षात घातलं.

दवाखान्यात खाट भिंतीला लागून होती. मला वाटलं होतं, शुद्धीवर आली की बाहेर चला म्हणंल. म्हणाली नाही. दुपारी तिला जरा बरं वाटलं, नाकावरची नळी बाजूला सारून माझ्याशी बोलली. हे औषधं आणायला खाली गेले होते.

"भित शाबूत होती," ती म्हणाली.

मला वाटलं, तापात बरळून राहिली. म्हटलं, कुठली भिंत?

"आपली. खोलीची. म्या नखानं खरवडून बघितलं त्याच दिशी. माघं इट जशीच्या तशी. निस्तं वरचंच फाटलं होतं."

मी खाटेवर वाकले. म्हटलं, मग बाहेर का आलीस? माय, मग बाहेर का आलीस गं?

ती दम घेत, थांबत थांबत बोलली. गाव पडलं त्या दिवशी दगडाखालून माझ्या भावाची हाक येत होती. दिवस वर येईपर्यंत येत होती. हिनं हातानं दगड उपसले, नखं निघाली, पण त्या भिंतीचे दगड एका बाईला हलणारे नव्हते. मग हाक बंद झाली. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, मला पण नाही, एवढ्या वर्षांत.

"आत पडलं की ती हाक येती," ती म्हणाली. "भाईर येत न्हाई. जावायबापूनं येवढं मनानं बांधलं, मला न्हाई म्हनवलं न्हाई. तिथं डोळ्याला डोळा लागला न्हाई माझ्या. भेग दिसली आन् मला सुटल्यावानी झालं बग."

मी तिचा हात धरला. नखं खरंच वाकडी होती तिची, मी लहानपणापासून बघत आले असं मला वाटायचं. तिनं मला सांगितलं की जावयाला हे बोलू नकोस. दुसऱ्या दिवशी ती गेली. त्याच खाटेवर, छताखाली.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे तिच्या मागच्या बुद्धवंदनेला, माहेरची माणसं आली, राहिली, जेवली, गेली. मुलींची परीक्षा जवळ आली होती म्हणून दुसऱ्या दिवशीपासून डबे सुरू केले. मी आतून जळत होते, पण कुणावर चिडू? मायवर चिडावं तर ती नाही. ह्यांच्यावर चिडावं तर कोणत्या तोंडानं? हा माणूस दोन उन्हाळे राख धूत बसला, कारण आम्हाला वाटलं तिला भिंतीच्या वजनाचं भ्या आहे. मग त्यानं आपलं नाव मातीत घातलं, कारण त्याला वाटलं खरं कळलं तर ती मरंल. आणि तिला त्या भिंतीचं काही नव्हतंच. गोड पाणी मारलं असतं, भिंत आरशासारखी निघाली असती, तरी तिनं कुठलंतरी निमित्त काढून वाकळ उचललीच असती.

आठवड्यानं हे त्या खोलीतल्या गोवऱ्या काढायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मी बघायला गेले तर खाली बसलेले, भिंतीला पाठ लावून. मला बघून सरकले. मी शेजारी बसले. समोरच लोणा येऊन पांढरी पडलेली भिंत होती.

"एक विचारू?" म्हणाले. "तेवढ्या रात्री तरी... इथं झोप लागली होती का गं मामीला?"

मी म्हटलं, लागली होती. चांगली लागली होती.